हातात दिलेलं मिरचीचं बी

आक्का, आज सकाळी मी पुन्हा उकरलं.

तोंड धुतलं नाही, चहा टाकला नाही, आधी त्या डब्यापाशी गेले. फ्रीजच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे मी दही लावते, तिथेच ठेवलाय तो, तुम्ही सांगितलं होतंत तसा. पेढ्यांचा पारदर्शक डबा, तळाला गरम सुईने पाडलेली भोकं आणि आत तुम्हीच चाळून ठेवलेली माती. झाकण काढलं, दातकोरण्याने कडेचं एक बी हळूच वर घेतलं आणि चष्मा लावून पाहिलं. फिकट पिवळं, चपटं, तुम्ही दिलंत तेव्हा होतं तसंच. फुगलेलं नाही, कुजलेलंही नाही. पुन्हा आत ढकललं आणि वरून माती चेपली.

तुम्ही असता तर हातावर फटका बसला असता. "सुमे, कावून उकरायलीस गं? तू पोटात असताना तुझ्या आईनं उकरून बघितलतं का?" हे तुमचं ठरलेलं वाक्य. मी त्यावर काहीतरी फाडकन बोलले असते, तुम्ही त्यावर आणखी काही, आणि दिवस नीट सुरू झाला असता. आता मी उकरते, कोणी काही बोलत नाही, आणि मग दिवसभर हाताला चैन पडत नाही. वर्गात खडू हातात घेतला तरी बोटं दातकोरणं धरल्यासारखी धरतात.

लोक भेटायला येतात. नणंद गेल्यावर भावजयीने किती दिवस गप्प राहावं याचा त्यांचा एक अंदाज असतो, आणि मी त्याच्या बाहेर गेले आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. "आता सावरा, बाई," म्हणतात. मी मान हलवते. मला सावरायचं नाहीये, आक्का. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण राहून गेलंय आणि ते घेऊन मी घरभर फिरते आहे.

मिरची हातातून हातात द्यायची नाही, हे तुम्ही मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिकवलंत. घाटनांदूरच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी ठेच्यासाठी मिरच्या मागितल्या होत्या. तुम्ही पोस्टात निघाला होतात, खांद्याला पिशवी अडकवलेली. टोपलीतल्या मूठभर मिरच्या घेऊन माझ्याकडे वळलात, मी हात पुढे केला, आणि तुम्ही थांबलात. मिरच्या ओट्यावर ठेवल्यात. "आता उचल. मिरची हातात देऊ न्हाई, भांडण व्हतं."

मी बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून आलेली, मला हसू आलं. म्हटलं, "नणंद-भावजयीचं तसंही व्हतंच की."

तुम्ही चप्पल सरकवत म्हणालात, "त्ये लोक लावत्यालच. मिरचीनं कावून लावायचं?"

त्याच महिन्यात तुम्ही सासूबाईंसमोर उभ्या राहिलात. मला कॉलेजला पाठवायचं की नाही यावर घरात कुजबुज चालली होती, आणि तुम्ही ती एका वाक्यात संपवलीत. "हिला घरी बसवायचं आसंल तर मलाबी बसवा. मग दोघी मिळून धुणं धुतो." घरात पहिली सरकारी नोकरी तुमची होती. पोस्टात बसणारी, लग्नाला स्वतःहून नाही म्हटलेली मुलगी घरी बसवायची हिंमत कोणाची होती? मी अंबाजोगाईला येऊन बीएस्सी झाले, पुढे एमएस्सी-बीएड केलं आणि तिथेच अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागले. तुमच्यामुळे झालं हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही म्हणू दिलं नसतंत. एकदा दिवाळीत तसं काही ओठावर आलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "चिवडा मऊ पडलाय तुझा," आणि विषय गेला.

बाकी आपण सगळ्यावर भांडलो. चहात आलं आधी की साखर आधी, कूलर खिडकीला की दाराला, निवृत्तीनंतर तुम्ही आमच्याकडे राहायला यावं की घाटनांदूरलाच एकटं राहावं. या शेवटच्या भांडणात मी इतकी वर्षं हरत आले की त्याची सवय झाली होती. पण मिरची मात्र आपण कधी हातात दिली नाही. ओटा, कट्टा, पाटा, गच्चीचा कठडा, जे जवळ असेल त्यावर ठेवायची, दुसरीने उचलायची. भांडायचं ते स्वतःच्या जिवावर, मिरचीच्या नाही.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि गच्चीवर ते झाड आलं.

पाण्याच्या टाकीखालच्या भेगेत, कोणी न लावता. तुम्ही ते तण समजून उपटणार होतात, पण पानांचा वास आला म्हणून हात आवरलात. बोराच्या बीएवढ्या, आकाशाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या मिरच्या धरल्या त्याला. बुलबुल येऊन अख्ख्या गिळायचे. तुम्ही फोन करून मला विचारलंत, "सुमे, ह्या पाखरायला तिखट लागत न्हाई व्हय?" मी सांगितलं की नाही लागत, त्यांच्या जिभेला मिरचीची आग कळतच नाही, आणि त्यांच्या पोटातून बी जसंच्या तसं बाहेर पडतं. एखाद्या बुलबुलानेच तुमच्या टाकीखाली पेरलंय.  "म्हंजी जीभ आपल्या आईवानी," असं म्हणालात आणि फोन ठेवलात.

त्या झाडाचा फोटो तुम्ही कुठल्याशा ग्रुपवर टाकलात. कुठून कुठून हौशी माणसं जमली होती त्यावर, केरळातली, मणिपुरातली, एक कोणी गोव्याचा. मिरचीच्या रानटी जाती घरात वाढवायच्या, बी एकमेकांना टपालाने पाठवायचं, एवढाच त्यांचा उद्योग. मग तुमच्या नावाने पाकिटं यायला लागली. "आयुष्यभर दुसऱ्यायची पत्रं वाटली. आता पोस्टमन माझं नाव घेऊन हाका मारायलाय," म्हणालात तेव्हा तुमचा आवाज मी लग्नात ऐकला होता त्याहून तरुण होता. कोणाचं पान मखमलीसारखं केसाळ, कोणाचं फूल जांभळं, एकीला तर पिवळी घंटेसारखी फुलं आणि तिखट अजिबात नाही. ती तुम्हाला मुळीच आवडली नाही. "मिरची हायेस, जरा तरी लाज ठिव," असं तुम्ही तिला गच्चीवर मोठ्याने म्हणालात, शेजारच्या शांताबाईंनी ऐकलं आणि गावभर केलं.

रानटी बी उगवायला फार छळतं. आपल्या लवंगीचं बी टाका, आठवडाभरात वर. यांचं तसं नाही. एका पुडीतलं एखादं महिन्यात उगवेल, दुसरं दोन महिन्यांनी, बाकीची आत बसून राहतील. रानात सगळी एकदम उगवली आणि पाऊस दगा देऊन गेला तर जातच संपायची, म्हणून त्यांनी आपसात वाटून घेतलेलं असतं, असं मी वर्गात सांगते. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "शहाणी हायत." तुम्ही त्यांना कोमट, फिक्या चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचात. कधी चिमूटभर सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, घातलेल्या पाण्यात. दही जिथे लागतं तिथे डबा ठेवायचात, थंडीत त्याला गोधडी गुंडाळायचात. आणि मग विसरायचात. तेच मला जमत नव्हतं. मी घाटनांदूरला आले की आधी गच्चीवर जायची, तुम्ही खाली चहा टाकत असताना एखादं बी वर काढून बघायची, आणि तुम्ही वर न येताच खालून ओरडायचात. कसं कळायचं तुम्हाला?

आणि मानकरीण. तिच्याबद्दलच बोलायचं आहे मला.

तिचं लॅटिन नाव मला पाठ होतं, तुम्हाला नको होतं. कुठल्याशा डोंगरातली, थंडीत राहणारी जात. तीन वेळा पेरली, तेव्हा एकच रोप आलं. लग्नघरी आमंत्रण देऊनही कोणीतरी हाताला धरून आणल्याशिवाय न येणाऱ्या बाईसारखी, म्हणून मानकरीण. आपल्या उन्हात ती जगेल असं ग्रुपवर कोणालाच वाटत नव्हतं. तुम्ही तिला फुटक्या माठात लावलंत, टाकीच्या सावलीत ठेवलंत, माठाभोवती ओलं गोणपाट. तुमच्या खोलीत कूलर नव्हता आणि तिला गोणपाट होतं. तिला पांढरी, आतून हिरवट डागांची फुलं आली. खाली मान घालून लोंबायची. भरभरून आली आणि एकूण एक गळाली.

तुम्ही रोज सकाळी रंगाचा बारीक कुंचला घेऊन या फुलातलं त्या फुलात करायचात. मी तसं तुम्हाला पाहिलं, कठड्याला टेकून, पदर कमरेला खोचलेला, आणि मला राहवलं नाही.

"आक्का, उगं कष्ट घेताव. ही जात एकटी फळत न्हाई. हिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. सवताचा चालत न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"पुस्तकात हाय."

"पुस्तकवाल्यानं माझी गच्ची बघितली व्हय?"

मी वर्गात समजावते तसं समजावायला लागले. तुम्ही कुंचला कठड्यावर ठेवलात. तुमचा चेहरा असा झाला होता की मी बोलता बोलता हळू झाले, पण थांबले नाही.

"सुमे, एकटी फळत न्हाई, हे वाक्य मी विशीपासून ऐकायलेय. आईचं ऐकलं, मावशीचं ऐकलं. पोस्टात तिकीट घ्यायला आलेल्या माणसायचंबी ऐकलं. आता माझ्या गच्चीवर मी ते ऐकून घेणार न्हाई. झाडाबद्दलबी न्हाई."

"मी झाडाचंच बोलायलेय, आक्का."

"मीबी झाडाचंच बोलायलेय."

खाली आलो, जेवलो. तुम्ही भाकरी वाढलीत, वर लोण्याचा गोळाही ठेवलात. पण निघताना नेहमीसारखं 'पोचल्यावर फोन कर' म्हणाला नाहीत. मी पोचल्यावर फोन केला नाही.

मी चुकले होते का? मी अजूनही नाही म्हणते. झाडाचं जे आहे ते आहे. तुमच्या जिवाला लागलं याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं, पण त्यासाठी फुलातले नियम बदलायचे होते का? हे मला तुम्हाला विचारायचं होतं. आणि तुमच्याकडे उत्तर होतं, याची मला खात्री आहे. तुमच्याकडे उत्तर नाही असं कधी झालंय?

त्यानंतर तुमचे रोज फोटो यायचे. ना नमस्कार, ना मजकूर, नुसतं मानकरणीचं एक फूल. मी लिहायची, 'गळेल.' दुसऱ्या दिवशी दुसरं फूल. मी लिहायची, 'गळेल.' सगळी थंडी आपण अशी बोललो. तुमचा दिग्या, म्हणजे माझा नवरा, मोबाइलमध्ये डोकावून म्हणायचा, "तुमी दोघी येड्या झालाव का?" एक दिवस फोटो आला नाही तर मी दुपारपर्यंत चार वेळा मोबाइल पाहिला. संध्याकाळी शांताबाईंचा फोन आला की आक्काला दम लागतोय, गाडी करून अंबाजोगाईला आणतो आहोत.

दवाखान्यात तुम्ही दोन दिवसांत सगळ्या वॉर्डाला ओळखीच्या झालात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं गाव युसूफ वडगाव निघालं, तर तिथल्या बाजारात मिरची कोणत्या भावाला गेली इथपर्यंत गप्पा पोचल्या. तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून बोलायचात आणि नर्स ओरडली की तेवढ्यापुरता लावायचात. मी भाताची पेज घेऊन आले त्या संध्याकाळी तुम्ही उशीखालून टपालाचं एक छोटं पाकीट काढलंत.

"धर."

मी सवयीने म्हटलं, "खाली ठेवा."

"कुठं ठिवू?" टेबलावर थर्मास, औषधं, सफरचंदं, कोणाचा तरी डबा. खाटेवर तुमचा सलाईन लावलेला हात. बोटभर जागा नव्हती. "बी हाय. धर हातात."

"बी म्हंजी मिरचीच. भांडण व्हईल, आक्का."

"व्हऊ दे. लई दिस झाले, चांगलं भांडण झालं न्हाई." आणि माझं मनगट ओढून तुम्ही ते पाकीट माझ्या तळहातावर ठेवलंत, वर तुमची बोटं दाबलीत. गार होती बोटं.

बी मानकरणीच्याच जातीचं होतं, पण दुसऱ्या घरच्या झाडाचं. त्या गोव्याच्या माणसाकडून तुम्ही मागवलं होतंत. मी विचारलं, "म्हंजी पटलं तुमाला?"

"कशाचं पटतंय? तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मागिवलं. तू हे उगवून ठिव. तवर मी घरी जाऊन हिला एकटीला फळवून दाखविते. मग बघू कुणाचं खरं हाय."

आक्का, मी त्या संध्याकाळी दवाखान्यातून चालत घरी आले. रिक्षा केली नाही, इतकी हलकी झाले होते. जीवशास्त्र शिकवणारी बाई मी, पण मनात काय हिशोब केला सांगू? मिरची हातात दिली, म्हणजे भांडण होणार. भांडण होणार, म्हणजे भांडायला तुम्ही घरी येणार. डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा मला त्याचाच भरवसा वाटला. मूठ मिटून पाकीट घरापर्यंत आणलं, पर्समध्येही टाकलं नाही.

पुढच्याच दुपारी मी बी चहाच्या पाण्यात टाकलं. वाटीवर ताटली झाकते आहे तेवढ्यात दिग्याचा फोन आला. तो नुसता 'सुमन, सुमन' म्हणत होता. मला नावाने हाक मारायची त्याची सवय नाही, त्यावरूनच कळलं.

मग घाटनांदूर, माणसं, रडणं, पाहुण्यांचा चहा. मी रडले की नाही आठवत नाही. मला त्या वाटीचं आठवत होतं. एका रात्रीपुरतं भिजवायचं बी चहात तसंच पडलं होतं आणि मी तुमच्या अंगणात बायकांच्या घोळक्यात बसून होते. दहाव्यानंतर घरी परतले तेव्हा चहा काळा पडला होता, वर तवंग आला होता. बी धुऊन पेरलं. ते मेलंय की जिवंत आहे हे सांगू शकणारं एकच माणूस मला माहीत होतं. म्हणून उकरते, आक्का. नुसती उतावीळ आहे म्हणून नाही.

तुमची गच्ची मोकळी करायची सगळ्यांना घाई होती. स्लॅबमध्ये पाणी मुरतंय म्हणे. पाच वर्षं मुरत होतं, तेव्हा कोणाला दिसलं नाही. केसाळ पानांची शांताबाईंनी नेली, जांभळ्या फुलांची त्यांच्या भाचीने. पिवळ्या फुलांचीला कोणी हात लावेना, ती मी कॉलेजच्या आवारात लावून आले. टाकीखालची बुलबुलाची तिथेच आहे, ती भेगेतून निघायला तयार नाही. मानकरणीला घेऊन मी एसटीत बसले. फुटका माठ मांडीवर, गोणपाट गुंडाळलेलं, फांद्या माझ्या तोंडावर. कंडक्टर म्हणाला, "बाई, हे काय हाय?"

"मिरची."

"एवढ्या जपून कावून न्यायलाव?"

मी म्हटलं, "नणंदेची हाय." तो बिचारा काय समजला कोण जाणे, पुढच्या माणसाला उठवून त्याने मला खिडकीची जागा दिली.

डब्यात मध्यंतरी एक अंकुर आला होता. तो किस्सा तुम्हाला ऐकवायलाच हवा. सकाळी झाकण उघडलं तर कडेला हिरवा ठिपका. मी ओरडले. दिग्या दाढीचा साबण तोंडाला तसाच घेऊन आला. शांताबाईंना फोन केला, ग्रुपवर फोटो टाकला, कॉलेजात पेढे वाटायचे फक्त बाकी होते. ग्रुपवर कोणीतरी सावधपणे लिहिलं की दलं, म्हणजे पहिली दोन पानं, जरा गोल दिसतात, मिरचीची लांबट असतात. मी त्याला फटकारलं. वीस-बावीस वर्षं शिकवते आहे, मला दल कळत नाही? आठवड्याने खरी पानं आली. चुरगळून वास घेतला तर तुळस. तुमच्या अंगणातल्या वृंदावनाजवळची माती, आणि तिच्यात बी पडलेलं. बरं, तुळस उपटून फेकायची कशी? वेगळी कुंडी आणली, लावली, पाणी घातलं. आता तिलाही रोज पाणी घालते आणि रोज तिच्यावर चिडते.

आणि परवा दुपारी, आक्का, मी मानकरणीचं गोणपाट भिजवत होते. ऊन असं की बादलीतलं पाणी कढत झालेलं. पानं मलूल पडली होती. ही आता जाते, तिला सोबत उगवायच्या आधीच जाते, असं मनात म्हणत मी खालची वाळकी पानं खुडायला वाकले आणि एका पानाआड ती दिसली. तांबडी. वाटाण्याच्या दाण्याएवढी, वाकलेल्या देठावर लोंबणारी मिरची.

एकच.

मी तिथेच आमच्या गच्चीच्या तापलेल्या फरशीवर बसले. किती दिवसांची होती ती? तांबडी व्हायला वेळ लागतो. म्हणजे ते फूल तुमच्या गच्चीवर उमललं होतं. तुमच्या कुंचल्याखालचं होतं. एसटीत माझ्या तोंडावर आलेल्या फांदीवर ती हिरवी, मुगाएवढी, असणारच, आणि मी बघितली नाही. माझ्या 'गळेल'ला न जुमानता ते एक फूल राहिलं होतं, आणि तुम्हाला ते दिसलंच नाही याचा मला इतका संताप आला की कोणावर काढावा कळेना.

दिग्याने पाहिली आणि त्याचे डोळे भरले. "आक्का जितली," म्हणाला.

मी म्हटलं, "थांब. कापून बघू."

"कावून कापतीस? राहू दे की देवापाशी."

पण मी न उकरता राहिले आहे का कधी? पोळपाटावर ठेवली, नव्या ब्लेडने मधोमध चिरली. आत पांढरा गर, स्वच्छ, नीट. बी नाही. एकही नाही. चष्मा लावून पाहिलं, भिंग आणून पाहिलं. मिरची पूर्ण, आणि आत बी नाही.

मी म्हटलं, "बघ. बी धरलं न्हाई. एकटीनं न्हाई व्हत, मी सांगत व्हते."

दिग्या म्हणाला, "फळ तर धरलं न्हवं? आक्का फळ धरायचं म्हणली व्हती. बी कुणी मागितलतं?" आणि त्यातली अर्धी फोड उचलून त्याने तोंडात टाकली. तोंड लाल झालं, नाकातून पाणी आलं. "लई तिखट हाय. मिरचीला आनि काय पायजे?"

मला वाटलं, चला, हा तरी भांडणार. मी पदर खोचला. म्हटलं, बी नसलेलं फळ ते कसलं फळ, पुढं जात कशी चालायची, तू तरी सांग. तो म्हणाला, "तुझंबी बरोबर हाय." आणि कूलरमध्ये पाणी भरायला निघून गेला. तुमचा भाऊ असा कसा निघाला हो? एका घरात वाढलात ना दोघं?

तेव्हापासून मी ही अर्धी मिरची बशीत ठेवून बसले आहे. झाड एकटं फळतं की नाही, हे आता मला ठामपणे सांगता येत नाही. वर्गात काय सांगू तेही कळत नाही. भांडण मात्र एकटीने होत नाही, हे पुरतं कळलं. परवापासून मी माझी बाजू मांडते, मग तुमची बाजू तुमच्या आवाजात मांडून बघते, पण तुम्ही दरवेळी माझ्या सोयीचंच बोलता. तुम्ही असं कधी बोलला नाहीत. तुम्ही यावर असं काहीतरी म्हणाला असता की मी तीन दिवस जळफळले असते. ते काय असतं, एवढंच मला हवं आहे. फळाला बी कशाला हवं, हे तुम्ही मला तुमच्या तोंडाने सांगायला हवं होतं, आणि मी त्यावर काय बोलणार होते, जे त्या थंडीत मोबाइलवर लिहिलं नाही आणि दवाखान्यातही बोलले नाही, तेही तुम्हाला ऐकायला हवं होतं. तुमचं आयुष्य मला कधी अर्धं वाटलं नाही, आक्का. मी झाडाचंच बोलत होते.

अर्धी फोड सुकत चालली आहे. कट्ट्यावर ठेवली तर उचलायला कोणी नाही, म्हणून सकाळपासून तळहातावर घेऊन बघते आणि परत बशीत ठेवते. हात चुरचुरतोय. तुम्ही स्वतःच्या हाताने माझ्या हातात मिरची दिलीत आणि भांडण न करता गेलात. असं होत नाही, तुम्हीच मला सांगितलं होतंत. तुमची बाजू आहे, माझी बाजू आहे, बी नसलेलं फळ आहे, डब्यात न उगवलेलं बी आहे, सगळा मालमसाला तयार आहे.

उद्या सकाळी मी पुन्हा उकरणार आहे, आक्का. ओरडा.